सतरा मशिनं, एक बटण

मशीनवाल्या काकांच्या शर्टाचं वरून दुसरं बटण गेल्या दिवाळीपासून बेपत्ता आहे. आणि काकांच्या घरात शिलाईची सतरा मशिनं आहेत. ही दोन्ही वाक्यं एकाच घराबद्दलची आहेत, हे नवख्या माणसाला पटत नाही. "बटण मशीनवर लावत नाहीत, हातानं लावतात," असं काका शांतपणे सांगतात. मग हातानं का लावत नाही, असं विचारलं की ते तितक्याच शांतपणे खिशातून टॉर्च काढतात आणि दिवाणाखालचं 1926 सालचं सिंगर दाखवायला वाकतात.

ही जात हल्ली पुण्या-मुंबईतच नव्हे, नाशिक-कोल्हापूरकडेही आढळते. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. आयुष्य बँकेत, वीज मंडळात नाहीतर पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात गेलेलं. निवृत्तीनंतर माणसं विपश्यनेला बसतात, गड चढतात किंवा सोसायटीचे चेअरमन होऊन शेजाऱ्यांचा सूड उगवतात. काकांना यातलं काहीच मानवलं नाही. गावचं घर विकायला काढलं तेव्हा माळ्यावर आईचं मशीन सापडलं. ते त्यांनी भंगारात जाऊ दिलं नाही, घरी आणलं. त्यावर कोण काय बोलणार? आईच्या आठवणीपुढे कोणाचं चालत नाही. दुसरं मशीन आलं ते पहिल्याच्या सुट्या भागांसाठी. तिसरं आलं, कारण दुसरं फोडवेना. चौथ्यापासून कारण द्यायची पद्धत बंद झाली.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हे दोन वार काकांच्या घरात उपवासाइतके पक्के आहेत. तिथली त्यांची चाल ठरलेली. मशीन दिसलं तरी त्याच्याकडे बघायचं नाही. शेजारच्या पितळी नळाची किंमत विचारायची, बंद पडलेला रेडिओ उचलून बघायचा आणि जाता जाता, अगदीच सहज, "हे काय म्हणतंय?" असं विचारायचं. एवढ्या साधनेवर पाणी पडायला एक वाक्य पुरतं. विक्रेता म्हणतो, "काका, ओरिजिनल इंग्लंडचं आहे." काकांच्या तोंडून निघून जातं, "इंग्लंडचं नाही हो, स्कॉटलंडचं." समोरचा ओळखतो, गिऱ्हाईक जाणकार आहे. किंमत तिथल्या तिथे पाचशेनं वाढते.

काकांचं म्हणणं मात्र खरं असतं. सिंगर कंपनी अमेरिकेची, पण आपल्याकडे आलेली कितीतरी मशिनं ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकच्या प्रचंड कारखान्यातली. मशीनच्या पाटावर, उजव्या अंगाला, एक नंबर कोरलेला असतो. 1900 पासून त्या नंबराआधी अक्षर येऊ लागलं. एफ किंवा वाय असेल तर क्लाइडबँक, जी असेल तर अमेरिकेतलं एलिझाबेथ, सी असेल तर जर्मनीतलं विटनबर्ग... नव्हे, विटनबर्गे. (मार्टिन ल्यूथरचं विटनबर्ग वेगळं, हे काका न विचारता सांगतात.) या नंबरावरून काका मशीनची पत्रिका मांडतात, तीही बाजारातच, मोबाइलच्या उजेडात, उकिडवे बसून. क्लाइडबँकचा कारखाना 1980 साली बंद पडला. पण तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव आजही सिंगर आहे. मुलानं एकदा युरोपच्या सहलीचा विषय काढला तेव्हा काकांनी पॅरिस, स्वित्झर्लंड सगळं नाकारून हे स्टेशन सुचवलं.

"तिथे बघायचं काय?" काकूंनी विचारलं.

"पाटी."

पाहुण्यांसाठी काकांचं एक व्याख्यान तयार असतं. 1924 साली गांधीजींना कोणीतरी विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध का? तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून सिंगरच्या शिवणयंत्राचं नाव घेतलं. बायकोला हातानं शिवत बसावं लागतं, ते कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं प्रेमापोटी हे यंत्र केलं, अशी गांधीजींची समजूत होती. इथवर काका गहिवरून सांगतात आणि काकू चहा ठेवायला आत गेल्या की आवाज खाली आणतात. कारण खरा आयझॅक सिंगर हा फिरत्या नाटक कंपनीतला नट. 1851 साली त्यानं पेटंट घेतलं ते पैशांसाठी. लॉकस्टिचची, म्हणजे वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकवणाऱ्या टाक्याची, मूळ कल्पनाही त्याची नव्हती. एलियस हाउनं 1846 सालीच तिचं पेटंट घेतलं होतं आणि कोर्टात जाऊन सिंगरकडून पैसे वसूल केले. आणि घरचं म्हणाल तर...

"वीसच्या वर मुलं, तीही चार-पाच बायकांची. तेही सांगा त्यांना," स्वयंपाकघरातून आवाज येतो. हे व्याख्यान काकूंनी सतराहून अधिक वेळा ऐकलेलं आहे.

मशीन घरी आलं की पहिले आठ दिवस ते गॅलरीत क्वारंटाइन असतं. पन्नास वर्षांपूर्वी घातलेलं तेल आत वाळून डिंकासारखं झालेलं असतं, चाक हलत नाही. काका सिरिंजनं थेंब थेंब रॉकेल सोडतात, जुन्या टूथब्रशनं घासतात. तरीही हटून बसलेल्या सांध्याला काकूंच्या हेअर ड्रायरची ऊब देतात. ड्रायर काकूंचाच आहे, एवढंच. त्याला केसांचा स्पर्श होऊन वर्ष झालं. स्क्रू पडला तर घरात संचारबंदी. कारण सिंगरचे बरेचसे स्क्रू कंपनीच्या स्वतःच्या मापाच्या आट्यांचे. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाच त्यांना बसत नाही. मग कामवाल्या मावशी केरसुणी हातात धरून दारात उभ्या, काकू पाय वर घेऊन खुर्चीत, आणि काका लोहचुंबक घेऊन हॉलभर रांगताहेत, हे दृश्य महिन्यातून एकदा ठरलेलं.

विद्या महागात मिळालेली आहे. आईच्या मशीनवर सोनेरी स्फिंक्सची नक्षी होती. ती उजळावी म्हणून काकांनी सुरुवातीच्या उत्साहात स्पिरिट लावलं. त्या जुन्या नक्षीवर लाखेचा थर असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे त्यांना कळलं तेव्हा सोनं फडक्यावर उतरलं होतं. इजिप्तच्या स्फिंक्सला नाक नाही. काकांच्या स्फिंक्सला तोंडच राहिलं नाही. तेव्हापासून ते नक्षीला साध्या मशीनच्या तेलाशिवाय काही लावत नाहीत आणि दुसऱ्या कोणी स्पिरिटची बाटली हातात घेतली की घाबरतात, मग तो इंजेक्शन द्यायला आलेला कंपाउंडर का असेना.

या पंथाला दोन शत्रू आहेत. पहिला कॅफेवाला. जुन्या मशीनचं बिडाचं स्टँड घ्यायचं, वर संगमरवर टाकायचा आणि त्यावर दीडशे रुपयांची कॉफी विकायची, ही फॅशन काकांच्या काळजाला घरं पाडते. नातीनं हौसेनं अशा कॅफेत नेलं तर काका मेनू बघत नाहीत. टेबलाखाली बघतात. पायटा हलतो का, पट्ट्याचं मोठं चाक जागेवर आहे का, हे तपासून वेटरला विचारतात, "वरचं डोकं कुठे गेलं?" वेटर मॅनेजरला बोलावतो.

दुसरा शत्रू लाल पारा. 2009 साली सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगर मशीनच्या सुईत 'लाल पारा' नावाचा अमोल पदार्थ असतो. सुईजवळ मोबाइल धरला आणि फोन कट झाला तर समजायचं, पारा आहे! लोकांनी लाखो रियाल मोजायची तयारी दाखवली. अशा गोष्टीला पासपोर्ट लागत नाही. अजूनही अधूनमधून कोणीतरी दबक्या आवाजात काकांना फोन करतं. काका त्याला घरी बोलावतात, चहा देतात, मशीनचं झाकण उघडून आतलं काळंकुट्ट वाळकं तेल दाखवतात आणि तासाभरानं तो माणूस स्टीलच्या सुया कशा बनतात ते ऐकून, पाऱ्याचं नाव न काढता निघून जातो.

पाठीनं कधीच इशारा दिला आहे. बिडाच्या मशीनचं नुसतं डोकंच बारा-चौदा किलोचं. डॉक्टर म्हणाले, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. सिंगरचं 221 हे 1933 मध्ये आलेलं ॲल्युमिनियमचं छोटं मशीन बरोबर पाच किलोच्या आसपास भरतं. ते घ्यायला डॉक्टरांनीच सांगितलं, असा अर्थ काकांनी काढला आहे.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. इतरांच्या घरी विळी, कात्री, फार तर लॅपटॉप. काकांकडे सतरा मशिनं ओळीनं, प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. हार फक्त आईच्या मशीनला. त्या दिवशी काका प्रत्येक मशीनवर चिंधीभर शिवून दाखवतात आणि ती चिंधी भिंगाखाली धरतात. वरचा धागा खाली उतरत नाही, खालचा वर डोकावत नाही, दोघांची गाठ बरोबर कापडाच्या पोटात! काकूंना त्या चिंधीत आपला नवा अभ्रा ओळखू येतो. अशा चिंध्यांचे दोन डबे भरलेत. काकूंच्या साड्यांचे फॉल मात्र कोपऱ्यावरच्या टेलरकडे जातात.

परवा काकूंनी काकांनाच तिकडे पिटाळलं. चार साड्या, आणि अंगावरचा तोच शर्ट. टेलरनं बटण तिथल्या तिथे लावून दिलं, पैसेही घेतले नाहीत. काका निघणारच होते, पण मागच्या कोपऱ्यात, कापडांच्या ढिगाखाली, त्यांना एक ओळखीचा काळा खांदा दिसला. जुनी उषा. कलकत्त्याची. पायानं चालणारी. "मोटरचं घेतल्यापासून पडूनच आहे," टेलर म्हणाला. काकांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरची चौकशी केली.

दोन तासांनी सोसायटीच्या दारात रिक्षा थांबली. काकू गॅलरीत आल्या. खाली काका आणि रिक्षावाला मिळून काहीतरी जड उतरवत होते आणि साड्या कुठेच दिसत नव्हत्या. काका वर आले ते धापा टाकत, पण प्रसन्न. दुसरं बटण जागच्या जागी होतं. तिसरं आणि चौथं उषा उचलताना तुटलं होतं.