मोस्टलीराव

त्यांचं खरं नाव आता फक्त पोस्टमनला आणि मेंटेनन्सच्या पावतीपुस्तकाला ठाऊक आहे. सोसायटीत सगळे त्यांना मोस्टलीराव म्हणतात. माणूस सज्जन. कुणाचं वाईट करणार नाही, फक्त 'करणार नाही' असं छातीठोकपणे सांगणारही नाही.

गणपतीतल्या महाप्रसादाची पानं मोजायचं काम माझ्या गळ्यात असतं. आमचा आचारी रोखठोक, त्याला आकडा लागतो.

"तुमच्याकडचे किती धरू?"

"आम्ही चौघं. मोस्टली."

"म्हणजे चार लिहितो."

"लिहा की. पण पाचही होतील. बहीण मोस्टली येतेय. आणि ती आली, तर हिचं मोस्टली जमायचं नाही."

मी वैतागून साडेचार लिहिलं. आचाऱ्यानं यादी वाचून शांतपणे विचारलं, "अर्धं पान लहान मुलाचं का?"

पुढच्या गोष्टींबद्दल असं बोलणारे गल्लोगल्ली सापडतील. मोस्टलीरावांची मजल भूतकाळापर्यंत गेलेली आहे. गॅस बंद केलात? "केलाय मोस्टली." जेवण झालं? "झालं मोस्टली." ढेकर देऊन हे उत्तर देणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

यात थोडा दोष आपल्या 'बहुतेक'चाही आहे. 'बहुतेक लोक आले' आणि 'मी बहुतेक येईन' ही दोन्ही कामं तो एकटा करतो. आपण इंग्रजीत जाताना दोन्हीकडे 'मोस्टली' ठोकून दिलं. इंग्रजाचा मोस्टली यातलं पहिलंच काम करतो, दुसऱ्यासाठी त्यानं 'प्रॉबेबली' वेगळा ठेवलाय. त्यामुळे 'आय विल मोस्टली कम' असं कानावर पडलं की त्याला वाटणार, पाहुण्याचा बराचसा भाग येणार आणि उरलेला घरी राहणार. हे मी मोस्टलीरावांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबरच आहे मग. सोसायटीच्या मीटिंगला कोण सबंध येतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही.

अर्थात शब्द सैल सोडले की भलेभले गोत्यात येतात. 1951 साली सीआयएच्या मंडळींनी एका अहवालात लिहून दिलं, युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे. वाचणारे गोंधळले, तेव्हा शर्मन केंट या त्यांच्यातल्याच जाणत्यानं सहकाऱ्यांना गाठून विचारलं की बाबांनो, होकार दिलात तेव्हा मनात आकडा कोणता होता? कुणाच्या मनात शंभरात वीस, कुणाच्या मनात ऐंशी! आयपीसीसीच्या हवामानबदलाच्या अहवालांत म्हणूनच शब्दांना टक्के बांधून दिलेले असतात. 'लाइकली' म्हणजे निदान 66, 'व्हेरी लाइकली' म्हणजे निदान 90.

असं काही वाचलं की मला राहवत नाही. मी सरळ मोस्टलीरावांच्या घरी गेलो आणि विचारलं, "तुमच्या मोस्टलीचे टक्के किती?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "माझ्या माहेरचं कार्य असेल तर पाच. भारत-पाकिस्तान मॅच असेल तर पंच्याण्णव."

मोस्टलीरावांनी हे नाकारलं नाही. कबूलही केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीची सहल गणपतीपुळ्याला निघाली. टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे साडेपाचला गेटपाशी हजर. वहिनी मांडीवर लाडवांचा डबा घेऊन खिडकीशी बसलेल्या. सगळी मंडळी आली, एक सीट रिकामी. ड्रायव्हर दर मिनिटाला हॉर्न वाजवतोय आणि तळमजल्यावरच्या आजोबांची झोप मोडतोय. मी फोन लावला.

"कुठे आहात?"

"खाली आलोय मोस्टली."

वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या जाळीतून त्यांची माकडटोपी दिसत होती. चौथ्या मजल्यावरून निघालेला माणूस पहिल्यापर्यंत पोचला होता, म्हणजे इंग्रजाच्या हिशेबानंसुद्धा वाक्य बिनचूक! मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

तेवढ्यात वहिनींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, कुलूप लावलंत ना?"

माकडटोपी जागच्या जागी थांबली. "लावलंय..." असं म्हणून पुढचा शब्द तिनं गिळला, आणि वळून परत जिना चढायला लागली.