खाल्ल्या मिठाला

कोजागिरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आटीव दूध असतं. रात्री बाराला, चंद्र पातेल्यात उतरल्यावर. माझा पेला मात्र साडेनऊलाच घरपोच येतो, कारण साडेदहाला मला झोपायचं असतं. मध्यरात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत फिरते आणि जागं असेल त्याला प्रसन्न होते म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. मी जागा राहिलो की ती घरातून निघून जाते.

मागे एकदा सलग चार रात्री दोन-दोन तासांच्या झोपेवर मी अगदी ताजातवाना होतो. पाचव्या दिवशी उसाच्या रसाचा चरक विकत घेऊन आलो. घुंगरांसकट. रस पितात कसा हे मला माहीत होतं, एवढाच काय तो माझा या धंद्याशी संबंध. पण पुणे ते कोल्हापूर बारा रसवंतीगृहं कुठे कुठे काढायची, याचा नकाशा मी पहाटे तीनला मुलाच्या भूगोलाच्या वहीत काढला होता. नकाशा सुंदर होता, हे आजही सांगतो. चरक परत घ्यायला कोणी तयार झालं नाही. तो अजून पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभा आहे. त्या आठवड्यानंतर माझ्या स्वभावाला नाव मिळालं, बायपोलर डिसऑर्डर. तोवर घरचे त्याला काही महिने ‘उत्साही’ आणि उरलेले महिने ‘आळशी’ म्हणत.

मग लिथियम आलं. औषध म्हणून काहीतरी लांबलचक, भारदस्त नावाचं मिळेल अशी माझी अपेक्षा होती. हे निघालं साधं मीठ. म्हणजे क्षारच, फक्त सोडियमच्या जागी लिथियम. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी ते उन्मादाच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि १९४९ साली त्याबद्दल लिहिलं. रुग्णांच्या आधी गिनीपिगना दिलं आणि स्वतःही घेतलं. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या मिठाला जागायचं म्हणजे वेळेवर झोपायचं.

आणि या मिठाचं घरातल्या मिठाशी सख्ख्या जावांसारखं नातं आहे. आईला रक्तदाब निघाला तेव्हा बायकोने सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी करायला घेतला. पुढच्या भेटीत मी हे कौतुकाने सांगितलं, तर डॉक्टर खुर्चीत ताठ झाले. जेवणातलं मीठ एकदम कमी झालं की मूत्रपिंडं लिथियमच धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. उन्हाळ्यात घामाने पाणी कमी झालं तरी तेच, जुलाब झाले तरी तेच. शेजारच्या काकांनी प्रेमाने दिलेली गुडघेदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय चालत नाही. तेव्हापासून आमच्याकडे आमटीची दोन पातेली असतात आणि आषाढीला माझ्या उपासावर आईची नजर असते. ‘अरे, विठोबा समजून घेईल, तू आधी पाणी पी,’ असं ती म्हणते. आयुष्यभर निर्जळी एकादश्या केलेल्या बाईच्या तोंडी हे वाक्य ऐकणं, हा माझ्या आजाराचा मला मिळालेला मोठाच मान आहे.

दर काही महिन्यांनी रक्त द्यायचं, रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. रिपोर्ट आला की बायको शाळेच्या निकालासारखा विचारते, ‘किती पडले?’ मी म्हणतो, ‘०.७.’ एवढ्या कमी गुणांवर इतकी खूश होणारी बाई दुसरी नसेल. सोबत थायरॉइड आणि क्रिएटिनिनचेही पेपर असतात.

झोपेचे तास मी दिनदर्शिकेवर लिहितो. त्याच चौकोनात दुधाचा हिशोबही असतो. एका महिन्यात दूधवाल्याने माझी झोप धरून बिल केलं आणि बायकोने ते भरलंही. तिला वाटलं, पाहुणे फार झाले असतील.

खरं अवघड असतं ते साधं खूश होणं. दुकानदार पाचशेची नोट उजेडात धरून बघतो, तसा मी माझा आनंद धरून बघतो. तार दिसते ना? मुलाला नोकरी लागली त्या दिवशी मी आंघोळ करताना मोठ्याने गात होतो. बाहेर आलो तर बायको दारातच.

‘अहो, काल किती झोपलात?’

‘सात तास.’

‘मग गा.’

रागाचंही तसंच. बँकेत दीड तास उभं केल्यावर कोणीही चिडतो. मी चिडलो की मात्र विचारतात, ‘गोळी घेतलीत ना?’ रागावण्याआधी पुरावा जोडावा लागणारा या घरात मी एकटाच.

दुसऱ्या टोकाबद्दल मला विनोद सुचत नाही. सुचला तर समजावं, ते अजून आलेलं नाही. लोकांना आंघोळ हे एक काम वाटतं. त्या दिवसांत मी मोजलं आहे, पांघरूण बाजूला करण्यापासून धरलं तर चौदा होतात. ‘अरे, तुला कमी काय आहे?’ असं आई विचारायची. कमी काहीच नव्हतं. फक्त उठायला जो लागतो तो घरी नव्हता. बायको हे कुठे शिकली कोण जाणे, ती चौदाची यादी बघत नाही. ‘पाय खाली सोडा,’ म्हणते आणि चहा घेऊन शेजारी बसते. कधी पाय खाली येतात. कधी चहावर साय धरते, ती मुकाट्याने कप उचलते आणि डॉक्टरांना फोन लावते.

यंदाच्या कोजागिरीलाही मी साडेदहाला आडवा झालो. वर भेंड्या रंगल्या होत्या आणि चुकीचं गाणं चुकीच्या अक्षरावर चाललं होतं, तरी मी उठलो नाही. खाली पोरांनी ताडपत्री ओढली असावी, चरकाचे घुंगरू वाजले. बायको शाल न्यायला आली.

‘चंद्र कसा आहे?’ मी विचारलं.

‘गोल आहे,’ ती म्हणाली. ‘झोपा.’