उजव्या हाताचा अमिताभ

जालन्यात चहाच्या टपरीवर पावसाचा विषय निघाला की तो मोसंबीवर जातो, मोसंबीवरून भावावर जातो, आणि भाव निघाला की सगळे आपापल्या कपात बघायला लागतात. त्या शांततेत जो माणूस घसा खाकरून "आम्ही पहिला पिच्चर पाह्यला ना, तव्हा..." असं सुरू करतो, तो पिच्चरमामा.

हा एक माणूस नसतो, ही जमात आहे. भोकरदनला एक सापडेल, परतुरात दोन सापडतील आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नसेल, कारण गावात 'शोले' सगळ्यांत आधी दोघांनीही पाहिलेला असतो. आमच्या वाट्याला आलेले मामा जालन्यात बी-बियाण्याच्या दुकानात कपाशीच्या पिशव्या मोजतात. वय पंचावन्नच्या आसपास. नक्की विचारलं तर म्हणतात, "बाहत्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची अन् मी तिच्या कडेवर. करा हिशोब."

मामांचं घड्याळ निराळं आहे. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की ते म्हणतात, "दोन रिळं थांबा." हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणजे गिऱ्हाइकाने बावीस मिनिटं थांबायचं. नव्या गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. ते बिचारं कुठून दोरा सुटतोय का ते बघत बसतं.

हे रिळांचं गणित मामा शिकले अंबडला. मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. दिवसभर टांग्यातून भोंगा फिरायचा आणि संध्याकाळी जनरेटर धडधडायला लागला की पोरांच्या पोटात गोळा यायचा. मशीन एकच. त्यामुळे रीळ संपलं की अंधार, अंधारात शिट्ट्या आणि शिट्ट्यांत कुणाच्या तरी पोराचं रडणं. दुसरं रीळ चढेपर्यंत माणसं शेंगा फोडायची. मामांच्या मते पिच्चरला एकच मध्यंतर ठेवणारा माणूस कंजूष असला पाहिजे.

पडदा पांढऱ्या पातळ कापडाचा, तंबूच्या मधोमध. पुढून बसणाऱ्याला तिकीट पूर्ण, मागून बसणाऱ्याला निम्मं. मागचा दर मामांच्या गोष्टीत पूर्वी चार आणे होता, गेल्या दिवाळीपासून आठ आणे झालाय. महागाई कुणाला सुटली आहे? दुसरीतले मामा वडिलांबरोबर मागून बसले. पिच्चर 'दीवार'. मुंबईत तो १९७५च्या जानेवारीत लागला, अंबडच्या तंबूत यायला त्याला दोनेक वर्षं लागली. "तरी जिल्ह्याच्या आधी आला," हे मामांचं लाडकं वाक्य. खोटंही नाही. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ला. तोवर आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो आणि अमिताभ आमच्यात कधीच येऊन गेला होता.

पडद्याच्या मागून बघितलं की सगळं उलटं दिसतं. नावं उलटी, बिल्ल्यावरचा ७८६ उलटा, गाड्या रस्त्याच्या भलत्या बाजूने. मोठी माणसं मनातल्या मनात सरळ करून घेत. दुसरीतल्या पोराला ती अक्कल नव्हती, आणि त्याचं दुखणं वेगळंच होतं. मामा तेव्हा पाटीवर अक्षरं उलटी काढायचे. 'क'चं पोट भलतीकडे, 'र'चा पाय भलतीकडे. गुरुजींची छडी रोज ठरलेली. आणि त्या रात्री पडद्यावर एक उंच, देखणा, कुणाच्या बापाला न भिणारा माणूस आला. त्याच्या हातावर अक्षरं गोंदलेली होती आणि ती थेट मामांच्या पाटीसारखी उलटी होती. त्याला कुणीही छडी मारत नव्हतं. मारायला आलेले पाच-पंचवीस जण उलट त्याच्याच हातचा मार खाऊन पडत होते.

हे सांगताना मामा तळहात पुढे करतात. त्यावर आता वळ वगैरे काही नाही, कपाशीच्या पिशवीचा गुलाबी रंग असतो. पण ते पन्नास वर्षांपूर्वीची जागा बोटाने दाखवतात आणि आपण मान हलवतो.

मी एकदा शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, अमिताभ डावखुरा आहे."

"उजवा."

"अहो, सगळ्या जगाला माहीत आहे."

"जग पुढून बसेल व्हतं," मामा म्हणाले. "तुमच्या बाजूनं आसंल डावा. आमच्याकडं उजवाच व्हता."

यावर बोलायला काही उरत नाही. त्यात आणखी एक भानगड आहे. त्या रात्री शेवटच्या रिळाच्या आधी जनरेटरचं डिझेल संपलं. पैसे परत मागायला माणसं मशीनवाल्यावर धावली आणि मामांना वडिलांनी खांद्यावर टाकून घरी आणलं. त्यामुळे मामांच्या 'दीवार'मध्ये विजय मरतच नाही. शाळेतल्या पोरांना त्यांनी सांगितलेला शेवट असा: दोघं भाऊ घरी येतात, आई पिठलं-भाकरी वाढते, इन्स्पेक्टरला पहिली आणि विजयला दुसरी. पुढे गणपतीत रात्रभर व्हिडिओ लावायची टूम आली, एका रात्रीत तीन-तीन पिक्चर. तेव्हा मामांनी तो पुढून आणि अखेरपर्यंत पाहिला. विजय देवळात आईच्या मांडीवर गेला. मामा मंडळाच्या अध्यक्षाशी भांडले. "कॅसेट डुप्लिकेट आणली," असा त्यांचा आरोप होता. "हिरो डावा अन् शेवट खोटा!"

मामींचं वेगळं. त्या सिनेमा बघतच नाहीत, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. 'जय संतोषी माँ' पाहिला ना, तर तो काही सिनेमा नव्हता, ती पूजा होती. चपला बाहेर काढून, हळदकुंकू घेऊन त्या सासूबरोबर गेल्या होत्या. मग १९९१मध्ये 'माहेरची साडी' पाच वेळा पाहिला, ते काय? "ते रडायला गेलते," मामी म्हणतात. त्यांच्या हिशोबाने उभ्या आयुष्यात त्यांनी एकही पिक्चर पाहिलेला नाही आणि सगळ्यांची गाणी त्यांना पाठ आहेत.

मला हसायला हरकत नाही, पण माझा स्वतःचा पहिला पिक्चर मी पत्र्यावर उभा राहून ऐकलाय. गल्लीतल्या एकुलत्या एक टीव्हीवर रविवारी संध्याकाळी दूरदर्शनचा सिनेमा, आत चाळीस माणसं, आणि अँटेना धरायला मी. "आलं, आलं... गेलं! डावीकडं फिरव!" एवढाच संवाद मला त्या सिनेमातला आठवतो. नायिका दिसायला कशी होती ते खालून आत्याने ओरडून सांगितलं.

मामांना एकदा दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. गिरगावात फाळक्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला, आणि डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत असताना आपल्याला मनात राम आणि कृष्ण दिसत होते, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यातूनच पुढे १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' आला. मामा चहा खाली ठेवून ऐकत होते. मग म्हणाले, "मंजे तेबी मागूनच बसले व्हते."

भाच्याने हौसेने एकदा मल्टिप्लेक्सात नेलं. मामांनी खुर्ची मागेपुढे करून पाहिली, पॉपकॉर्नचा दर ऐकून तो परत दिला, आणि दिवे मालवल्यावर उठून सरळ पडद्याकडे चालायला लागले. वॉचमनने अडवलं. "मामा, मागं भिंत आहे." मामा म्हणे अख्खा पिक्चर त्या भिंतीचा विचार करत बसले होते.

परवा कटिंगच्या दुकानात गेलो तर खुर्चीत मामा. तोंडाला फेस, डोळे आरशावर. कारागीर कंगवा हातात धरून नुसताच उभा.

"यांची दाढी कालच झालीय," तो मला हळूच म्हणाला. "वस्तरा लावू देत नाहीत. नुसता साबण लाव म्हणतात."

माझ्या डोक्यावर, दाराच्या वर, टीव्ही लावलेला होता. त्यावर 'दीवार' चालू होता. मामा टीव्हीकडे पाठ करून बसले होते आणि समोरच्या आरशात बघत होते. आरशात बिल्ला उलटा, हातावरची अक्षरं उलटी, आणि अमिताभ उजव्या हाताने एकेकाला आडवा करत होता. मामांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली. मी काही बोललो नाही. बाकावर बसलो आणि मीही आरशात बघायला लागलो.

शेवट जवळ आला तसे मामा टॉवेलने गालावरचा फेस पुसत उठले.

"मामा, एकच रीळ राह्यलं," मी म्हणालो.

"राहू द्या," मामांनी चपला शोधल्या. "डिझेल संपलं."