वास्तववादी चित्रप्रदर्शन कसे पाहावे : ऊर्जानगरच्या नवशिक्यांसाठी

आधी सराव करा. त्यासाठी मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी गाठायची गरज नाही, बल्लारशाह पुरे. तिथल्या आणि चंद्रपूरच्या रेल्वे स्थानकावर स्थानिक चित्रकारांनी ताडोबाचे वाघ रंगवले, आणि २०१८ साली रेल्वेच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत दोन्ही स्थानकांनी मिळून पहिलं बक्षीस नेलं. दहा रुपयांच्या फलाट तिकिटात भिंतभर वाघ बघायला मिळतो, आणि तो जिप्सीची चाहूल लागली म्हणून झाडीत शिरत नाही.

मग खरं प्रदर्शन. उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नये. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचं मनोगत होईपर्यंत चित्रांकडे पाठ करूनच बसावं लागतं. नाश्त्यासाठी जायचं असेल तर जरूर जा. तर्री-पोह्यांना मार्गदर्शक लागत नाही.

दुसऱ्या दिवशी शांतपणे आत शिराल, तर पहिल्याच चित्रापुढे आवाज येईल, "हे तं फोटोच वाटते ना जी!" हा आवाज बहुधा तुमचाच असेल. आवरा. चित्रकाराला असं सांगणं म्हणजे सुगरणीला ‘अगदी हॉटेलसारखं झालंय’ म्हणणं. तो हसून आभार मानेल, पण चहा विचारणार नाही.

त्यापेक्षा चित्राजवळ जा. नाक न्या, बोट नको. तैलरंगातल्या वाघाच्या डोळ्यात जी चमक दुरून अंगावर येते, ती जवळून पांढऱ्या रंगाचा एक जाडसर ठिपका निघते. कानामागची लव म्हणजे कोरड्या ब्रशचे चार ओरखडे. आता सात-आठ पावलं मागे या (मागे कोणी उभं नाही ना, ते बघून). ओरखड्यांचा पुन्हा वाघ होतो. नेमका कुठल्या पावलाला झाला, ते पकडायचा प्रयत्न करा. कॅमेऱ्याने सगळं टिपलं असतं. चित्रकाराने काय काय गाळलं, ते इथे कळतं.

मग पांढरा रंग शोधा. वाघाच्या पोटाखाली, बाईच्या पदरावर, बैलाच्या पाठीवर तो निळसर, पिवळट, राखाडी दिसेल. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटवायला वेळ लागतो. वीज केंद्राच्या चिमण्यांखाली, ऊर्जानगरात दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काढून आणणाऱ्याला पांढऱ्याच्या छटा वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत.

निसर्गचित्रात वीज केंद्र असेल तर चिमण्या मोजू नका. कॉलनीतले इंजिनीअर हमखास मोजतात, आणि कुठलं युनिट गाळलं यावर अर्धा तास चर्चा करतात. २,९२० मेगावॅटच्या केंद्राशेजारी राहणाऱ्याने खरं तर उजेड कुठून येतोय, हे आधी विचारावं.

उजेडासाठी अभ्यासाचं चित्र एकच सांगतो, आणि ते कॅलेंडरवर तुम्ही पाहिलेलं आहे: हातात समई, एका तळव्याचा आडोसा, चेहऱ्यावर सोनेरी झाक. बघणाऱ्यांतले निम्मे ‘रविवर्मा’ म्हणतील. रविवर्मा १९०६ साली गेले. हे चित्र सावंतवाडीकडच्या सावळाराम हळदणकरांनी १९४० च्या दशकात काढलं, समोर उभी होती त्यांची मुलगी गीता, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हे तैलरंग नाहीत, जलरंग आहेत. म्हणजे चुकलं तर वरून दुसरा थर देऊन झाकायची सोय जवळजवळ नाही. चेहरा सगळेच बघतात. तुम्ही ज्योतीपुढची बोटं बघा. उजेड त्यांच्यामधून लालसर होऊन आलाय. ही बोटं एकदा दिसली की दुसऱ्या कुठल्याही प्रदर्शनातला खोटा दिवा लगेच ओळखू येतो.

किमतीची चिठ्ठी शेवटी वाचा. आधी वाचली तर पुढची सगळी चित्रं प्लॉटच्या भावाने दिसू लागतात. लाल टिकली लावलेली असेल तर ते चित्र विकलं गेलंय; घासाघीस नको.

दाराशी अभिप्रायाची वही असेल. तिच्यात ‘अप्रतिम’ आणि ‘भावी वाटचालीस शुभेच्छा’ आधीच भरपूर असतील, चित्रकार पंचाहत्तरीचा असला तरी. तुम्ही कुठल्या चित्रातला कुठला कोपरा आवडला ते लिहा. आवडला नसेल तर तेही लिहा, फक्त वाचता येईल अशा अक्षरात.