हत्ती, घोडा, डोंगर आणि जबलपूर

पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी 1790 साली ‘धर्मसिंधु’ पूर्ण केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे डोंबिवली नव्हती. असती तर गरोदर बाईनं काय काय टाळावं या यादीत हत्ती, घोडा, डोंगर आणि माडी यांच्या आधी त्यांनी सकाळची फास्ट लोकल घातली असती.

पाचवा महिना संपेपर्यंत मी त्या लोकलनं ऑफिसला जात होते. डब्यात मी चढत नसे, चढवली जात असे. त्याला घरात कोणाची हरकत नव्हती. पण ‘चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ’ असं म्हटल्याबरोबर सगळ्यांना माझी अवस्था आठवली. ऑफिसला जाणं हा आपल्याकडे प्रवास धरत नाहीत. प्रवास म्हणजे ज्यात बाईला मजा येण्याचा धोका असतो, तो.

नवऱ्यानं तर ‘बेबीमून’ हा शब्दच घरात आणला. सासूबाईंनी तो नीट समजावून घेतला आणि म्हणाल्या, “हनिमूनचा निकाल लागलाय ना? मग पुन्हा परीक्षा कसली?”

मग त्यांनी कपाटातून मराठी भाषांतरासह असलेला ‘धर्मसिंधु’ काढला, आणि तिथेच त्यांचा डाव फसला. गर्भिणीनं हत्ती-घोड्यावर बसू नये, डोंगर आणि माडी चढू नये, व्यायाम करू नये, भरभर चालू नये, गाडीत बसू नये, इथपर्यंत ठीक होतं. पण लगेच गर्भिणीपतीचे, म्हणजे नवऱ्याचे नियम निघाले. त्यानं समुद्रस्नान करू नये, झाड तोडू नये, केस काढू नयेत, प्रेत वाहू नये, परदेशी जाऊ नये आणि तीर्थयात्राही करू नये.

“आई,” मी म्हटलं, “याच्यावर माझ्यापेक्षा जास्त बंदी आहे. याला घरी ठेवू. आपण दोघी जाऊ.”

सासूबाईंनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि निवाडा दिला. एक, ग्रंथातली गाडी म्हणजे बैलगाडी. ठाण्याला आगगाडी आली 1853 साली, ती शास्त्रीबुवांना कुठून ठाऊक असणार? दोन, जायचं ते माणसांत जायचं, म्हणजे जबलपूरला वन्संकडे, नवऱ्याच्या आत्यांकडे. तीन, तिथे नर्मदा आहे, तेव्हा त्यांनाही येणं भाग आहे. चार, मुलगा यात्रेला येत नसून सामान उचलायला येतोय. केसांच्या बाबतीत मात्र सवलत नाही. बातमी कळल्यापासून त्यानं न्हाव्याचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि केस आता कॉलरखाली उतरले होते.

डॉक्टरीणबाईंची यादी बरोबर उलटी निघाली. चौदा ते अठ्ठावीस आठवडे हा प्रवासाला सगळ्यात बरा काळ, व्यायाम करा, चाला, पाय लोंबते ठेवून तासन् तास बसू नका, मधूनमधून उठून फेरी मारा, पाणी भरपूर प्या. शेवटच्या दोन सूचना डॉक्टर वेगवेगळ्या सांगतात. रेल्वेत त्या आपोआप एक होतात.

ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया आणि गर्भवती यांच्यासाठी रेल्वेनं खालच्या बर्थचा कोटा ठेवलाय. त्यामुळे सासूबाई आणि मी खाली, सामानवाहक वर. कोट्यातला बर्थ मिळणं सोपं, तो राखणं अवघड. कल्याणला चढलेल्या एका गृहस्थांनी बसण्यापूर्वीच गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि तो खिडकीच्या उजेडात धरून वरच्या बर्थकडे सूचक नजर टाकली. माझ्याकडे दाखवायला सोनोग्राफीची फाइल होती. त्यांनी ती पाहिली, मी गुडघा पाहिला, आणि जास्त नवं काय आहे यावर निर्णय माझ्या बाजूनं लागला.

कसाऱ्याचा घाट सुरू झाला तसा सासूबाईंनी खिडकीचा पडदा ओढला. डोंगर चढायचा नाही, हा नियम होता. “आपण कुठे चढतोय? गाडी चढतेय,” असं त्यांनीच थोड्या वेळानं स्वतःला सांगितलं आणि पडदा निम्मा उघडला.

नवऱ्यानं नाशिक, जळगाव, भुसावळ, खंडवा, इटारसी अशा प्रत्येक स्टेशनाजवळच्या इस्पितळांचा एक तक्ता छापून आणला होता. फोन नंबर, अंतर, रक्तपेढी. स्टेशन आलं की तो वरून खाली वाकून बघायचा. काही होत नाही असं दिसलं की एक ओळ खोडायचा. इतक्या बारकाईनं तयारी केलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पुढे पुढे जी निराशा दिसत होती, तिचा अर्थ लावण्याचं मी टाळलं.

भुसावळला एक मावशी चढल्या. पिशव्या बाकाखाली सारून होण्याच्या आत त्यांनी मला उभं केलं, वळवलं, चार पावलं चालवलं, गोड खावंसं वाटतं की आंबट ते विचारलं आणि जाहीर केलं, “मुलगा.” मनमाडहून आलेल्या दुसऱ्या बाईंना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते चेहऱ्यावर तेज होतं, म्हणजे मुलगी. दोघींत खंडव्यापर्यंत वाद चालला. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 सालचा आहे. प्रत्येक सोनोग्राफीच्या खोलीबाहेर त्याची पाटी असते. पण तो यंत्राला लागू आहे, भुसावळच्या मावशींना नाही.

पपई नको, तीळ नकोत, शिवायला बसू नको, कोणाच्या पायावरून ओलांडू नको, असा सल्ल्यांचा प्रसाद डब्यात फिरत होता. जबलपूरच्या ग्रेनेडियर्स केंद्रात परत चाललेला एक जवान कोपऱ्यात गप्प बसला होता. विशीतला, मिशी अजून पुरती न ठरलेली. रात्री दिवे मालवताना तो लाजत म्हणाला, “भाभीजी, बाईं करवट सोइए.” एवढ्या सगळ्या माउल्यांच्या डब्यात डॉक्टरांशी जुळणारा सल्ला एकट्या या अविवाहित पोरानं दिला.

मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ 1870 च्या मार्चमध्ये जबलपूरलाच एकमेकांना मिळाले होते. आम्ही पोचलो तेव्हा स्टेशनावर त्या मानानं गर्दी कमी होती, पण आत्या होत्या, आणि त्या पुरेशा होत्या.

“आलीस? चल, बसून जा. चाय घेऊन घे. थकून गेली असशील,” आत्यांनी एका दमात सांगितलं. जबलपूरची मराठी अशीच असते: क्रियापद हिंदीच्या घरचं, प्रेम आपल्या घरचं. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. मग नागपूर आपल्याकडे आलं, राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरला हायकोर्ट मिळालं. आत्यांच्या लेखी हा विषय अजून बंद झालेला नाही. “राजधानी भोपाळवाले घेऊन गेले, आम्हाला नुसत्या तारखा दिल्या,” त्या म्हणतात. समाधान एकच, विनोबांनी या गावाला ‘संस्कारधानी’ म्हटलं. हे कळल्यावर सासूबाईंनी मोबाइलवरचं गर्भसंस्काराचं रेकॉर्डिंग बंद केलं. अख्खं शहर ते काम करत असताना डेटा कशाला घालवा?

नवऱ्याचा तक्ता आत्यांनी हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि त्यावर मटार सोलायला घेतले. “एल्गिन आहे ना. अर्धं शहर तिथंच पैदा झालंय.” हिवाळा होता. हिवाळ्यात जबलपूरला येणाऱ्या माणसाला हातात आधी मटार देतात, मग पाणी.

संध्याकाळी आम्ही ग्वारीघाटावर गेलो. दिवे सोडले, सासूबाईंनी नर्मदेची ओटी भरली. नर्मदा कुमारिका मानलेली. शोणभद्राशी ठरलेलं लग्न जोहिलेमुळे फिसकटलं, म्हणून ती रागानं पश्चिमेकडे वळली, अशी कथा. आणि सारा मध्य प्रदेश तिला मैया म्हणतो. लग्न नाही, मूल नाही, पण सल्ला मागायला सगळ्या बायका तिच्याकडेच. मला तिच्याबद्दल आदर वाटला. निदान ती उलट सल्ला देत नव्हती.

इतक्यात मागे वळून पाहिलं तर नवरा पायरीवर बसलेला, केस खांद्यावर, दाढी वाढलेली, अंगावर आत्यांची शाल, आणि एक म्हातारबाबा त्याच्या पायाला हात लावून “नर्मदे हर” म्हणताहेत. परिक्रमावासी समजून त्याच्या ओंजळीत दोन केळी आणि दहाची नोट ठेवली गेली. त्यानं खुलासा करायला तोंड उघडलं, तर म्हातारबाबांनी विचारलं, “महाराज, कहाँ से उठाई?” म्हणजे परिक्रमा कुठून सुरू केली. “डोंबिवलीहून,” नवरा म्हणाला. म्हातारबाबांनी पुन्हा नमस्कार केला. इतक्या लांबून कोणी उचलल्याचं त्यांच्या ऐकिवात नसावं.

दुसऱ्या दिवशी कमानिया गेट. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची ही आठवण. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणलेले होते, त्यांना स्ट्रेचरवरून आणलं होतं. बावन्नावं अधिवेशन म्हणून बावन्न हत्तींनी रथ ओढला, पण रथात त्यांचं नुसतं चित्र. “बघ,” नवरा म्हणाला, “अशा स्थितीत माणूस काँग्रेस चालवायला आला. तुला तर फक्त जिलेबी खायची आहे.” हत्ती हा शब्द ऐकून सासूबाई सावध झाल्या होत्या, पण ते 1939 मध्येच निघून गेले होते.

जिलेबी म्हणजे खव्याची. काळपट तपकिरी, जाड, आपल्या जिलेबीच्या कुळातली वाटणारच नाही अशी. बडकुल हलवाई 1889 पासून ती करतात. मैद्याऐवजी खवा आणि तवकील, म्हणून उपवासाला चालते. डोहाळे लागल्याचं मी अजून कबूल केलं नव्हतं. साखरेच्या तपासणीचा निकाल चांगला होता आणि डॉक्टरीणबाईंनी ‘बेतानं’ एवढंच म्हटलं होतं. बेत मोठा आखला.

भेडाघाटला आधी चौसष्ट योगिनींचं देऊळ लागतं, कलचुरींच्या काळातलं, दहाव्या शतकातलं. वर जायला पायऱ्याच पायऱ्या. “डोंगर!” सासूबाई म्हणाल्या. त्यामुळे मी खाली चहा घेत बसले आणि नवरा एकटा वर जाऊन मोजून आला. नावात चौसष्ट, पण गोल ओवरीत कोनाडे एक्क्याऐंशी. मला यात नवल वाटलं नाही. सासूबाई नऊ महिने नऊ दिवस म्हणतात, डॉक्टर चाळीस आठवडे म्हणतात, नवऱ्याचं अ‍ॅप तिसरंच काही सांगतं. देवळं बांधणाऱ्यांनाही हाच त्रास झाला असणार.

धुवांधार धबधब्याजवळ आवाज इतका, की बोलणं बंद पडलं. मला एवढा शांत वेळ कितीतरी महिन्यांत मिळाला नव्हता. तेवढ्यात आतून एक सणसणीत लाथ बसली. या वयात पोटातल्या बाळाला आवाज कळू लागतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, मैयाला नमस्कार केला. नवरा म्हणाला, गोलकीपर. आत्या म्हणाल्या, भूक लागली असेल, आणि पिशवीतून डबा काढला. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’चं चित्रीकरण इथलंच, असं शेजारचा फोटोवाला सगळ्यांना सांगत होता. सासूबाईंनी हे ऐकून मान हलवली. “कष्ट नर्मदेचे, नाव गंगेचं. सुनांचं असंच असतं,” त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तेव्हा ते स्वतःबद्दल असावं.

आता राहिली नाव. संगमरवरी कड्यांमधून वल्ह्यांची होडी जाते, पाणी संथ, जॅकेट सक्तीचं. डॉक्टरांना मी आधीच विचारलं होतं. पण पंचवटी घाटावर सासूबाई थांबल्या. “पोटुशीनं नदी ओलांडायची नसते.”

“वहिनी,” आत्या म्हणाल्या, “माझं डोहाळजेवण कशात झालं होतं?”

“नावेतलं झालं होतं, वन्सं. पण ती थर्माकोलची होती. हॉलमध्ये.”

“थर्माकोलची चालते तर लकडीची का नाही चालणार? आणि ओलांडायची कुठे आहे? मधूनच जायचं नि मधूनच परत यायचं.”

नणंदेपुढे ‘धर्मसिंधु’ चालत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. आत्यांच्या पिशवीतून फुलांच्या वाड्या निघाल्या, मोगरा हिवाळ्यात नसतो म्हणून शेवंतीच्या. मुकुट, बाजूबंद, धनुष्यबाणसुद्धा. नावाड्यानं माझ्यावर जॅकेट चढवून पाहिलं, पट्टा काही पोचेना. त्यानं सगळ्यात मोठं जॅकेट शोधून आणलं आणि आवाज चढवला, “सवारी दो, टिकट एक का! मैया की कृपा!” जॅकेटवर शेवंतीचे बाजूबंद घालून मी बसले. समोरच्या नावेतल्या एका गुजराती कुटुंबानं हा इथला स्थानिक पोशाख समजून फोटो काढला.

भेडाघाटचे नावाडी यमक जुळवत माहिती सांगतात. हा दगड बघा हत्ती, तो बघा घोडा, तो शिवलिंग, ती गाडी. हत्ती-घोडा म्हटलं की सासूबाई मान फिरवत. पाण्याची खोली त्यानं आमच्या नावेत एक सांगितली आणि शेजारून जाणाऱ्या मोठ्या नावेकडे ओरडून त्याहून बरीच जास्त सांगितली. बहुधा खोली प्रवाशांच्या संख्येवर ठरते. बंदर कूदनीपाशी दोन्ही कडे इतके जवळ येतात, की पूर्वी माकडं उडी मारून पलीकडे जात. माकडांमध्ये गर्भिणीला काय नियम होते, हे त्याला विचारलं. “मैडम, उनकी सास साथ में नहीं कूदती थी,” तो म्हणाला. आत्या खळखळून हसल्या. सासूबाईंना हिंदी कळलं नाही असं त्यांनी ठरवलं.

तिथेच आत्यांनी दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वल्ही थांबली. नावाडीही वाकून बघू लागला. भुसावळच्या मावशींची मला आठवण आली. मी डावीकडची वाटी उघडली. आत खव्याची जिलेबी. उजवीकडची उघडली. तिच्यातही खव्याची जिलेबी.

“आत्या, हे काय?”

“पेढे-बर्फी कोणी आणून बसतं इतक्या दूर?” आत्या म्हणाल्या. “आणि चौऱ्याण्णवचा कानून आहे ना. दोन्ही खा.”

दोन्ही खाल्ल्या. नावाड्याला एक द्यावी असं आत्यांचं म्हणणं होतं, पण त्यासाठी तिसरी वाटी लागली असती.