दाखवायचे दिवे

सौंदर्याला कायदा आडवा आला की सौंदर्य त्याला बगल देतं, आणि त्या बगल देण्याची किंमत पुढे साठ वर्षं कोणीतरी सुटीच्या दिवशी गाडीच्या नाकाशी ओणवं होऊन फेडत राहतो. अमेरिकेत 1940 पासून हेडलाइट म्हणजे ठरावीक मापाचा, गोल, सीलबंद दिवा, असा दंडकच होता. गाडी शेतावरची असो की शर्यतीची, डोळे सगळ्यांना सारखे वाटलेले. 1962 पर्यंतची शेव्हरोले कॉर्व्हेट हे गोल डोळे निमूटपणे मिरवत होती. मग बिल मिचेल आणि लॅरी शिनोडा यांनी 1963 च्या कॉर्व्हेट स्टिंग रेसाठी पात्यासारखं धारदार नाक काढलं आणि त्यात गोल दिव्याला जागाच उरली नाही. तोडगा असा निघाला की दोन्ही बाजूंना एकेक फिरतं खोकं बसवायचं. अमेरिकन मेकॅनिक त्याला बकेट म्हणतात. त्याची एक बाजू म्हणजे गाडीच्या नाकाचाच रंगवलेला तुकडा आणि दुसऱ्या बाजूला दोन दिवे. बटण दाबलं की विजेची मोटर हे खोकं आडव्या आसावर उलटं करते आणि साळसूद नाकातून एकदम चार दिवे बाहेर डोकावतात. 1942 च्या डिसोटोनंतर अमेरिकेत दिवे लपवण्याचा उद्योग कोणी केला नव्हता. का केला नव्हता, हे ज्यांनी हे दिवे जुळवायला घेतले त्यांना विचारावं.

माझं म्हणणं असं की हे दिवे नीट जुळत नाहीत, त्याचा दोष मोटरवर, झिजलेल्या बुशवर किंवा साठ वर्षांच्या वायरींवर ढकलणं हा अन्याय आहे. ते सगळं बदलून मिळतं. खरी अडचण ही की या दिव्याच्या बरोबर जागा दोन आहेत, एक मिटलेली आणि एक उघडी. आणि प्रेक्षक फक्त पहिलीला आहेत. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे आपण मान्य करतो, पण निदान हत्तीला ते दोन्ही एकाच स्क्रूवर बसवावे लागत नाहीत.

मिटलेल्या जागेचा हट्ट आधी पाहू. बकेटची रंगीत बाजू आजूबाजूच्या बॉडीशी एका पातळीत हवी आणि भोवतीची फट सगळीकडे सारखी हवी. बॉडी फायबरग्लासची, तुकडे चिकटवून उभी केलेली. त्यामुळे एका गाडीचं नाक दुसरीला तंतोतंत जुळेल याची खात्री नाही, आणि मधल्या काळात कोणी ते खांबावर आपटून दुरुस्त केलं असेल तर विचारायलाच नको. बकेट ज्या आसावर फिरतं त्याचे आधार थोडे सरकवता येतात. वरची फट कमी करावी तर खालचा कोपरा रंग खरवडतो. तो सोडवावा तर बाहेरची कड वर येते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही अवस्था. एवढं करून फट जुळली की मग उघड्या जागेची पाळी. बकेट उलटून नेमकं कुठे थांबायचं हे अडणीचा स्क्रू ठरवतो आणि त्यानंतर प्रत्येक दिव्याचे दोन स्क्रू, एक वर-खालीसाठी, एक डाव्या-उजवीकडे. चार दिव्यांचे आठ. क्रम हाच आणि असाच हवा, कारण आसाचे आधार हलवले की उघड्या दिव्याची नजरही हलते. आठ स्क्रूंची मेहनत आधी केली तर ती पाण्यात. म्हणजे यंत्रशास्त्रच सांगतं की नटणं आधी, पाहणं नंतर. क्रम बरोबर आहे आणि तोच घात करतो. फट जुळली त्या क्षणी माणूस दोन पावलं मागे सरकतो, मान तिरकी करून नाकाकडे पाहतो आणि हत्यारं आवरायला घेतो. उरलेल्या कामासाठी अंधार पडावा लागतो, आणि अंधार पडेपर्यंत घरात जेवणाची पानं मांडलेली असतात.

उरलेलं काम किती मोलाचं आहे, ते साध्या त्रिकोणमितीने कळतं. दिवा जमिनीपासून 24 इंचांवर आहे असं धरा. प्रकाशझोत एक अंश खाली झुकलेला असेल तर त्याचा मध्य साधारण 115 फुटांवर रस्त्याला टेकतो. दोन अंश झुकला तर 57 फुटांवर. ताशी 60 मैल वेग म्हणजे सेकंदाला 88 फूट. तेव्हा तुमचा उजेड तुमच्यापुढे जेमतेम सव्वा सेकंद होता, तो आता पाऊण सेकंदाहूनही कमी राहिला. एका अंशाची ही करामत! आणि हाच अंश वरच्या दिशेला चुकला तर झोत समोरच्याच्या काचेतून थेट आत जातो. एवढा फरक पडायला बकेटची अडण किंचित सरकलेली पुरते. मिटलेल्या बाजूला मात्र तेवढाच फरक दिसला असता तर मालकाला झोप लागली नसती.

मालकालाच का नावं ठेवा? कारखान्यांचा कलही पहिल्यापासून मिटलेल्या दिव्यांकडेच होता. गॉर्डन ब्युरिगने काढलेल्या 1936 च्या कॉर्ड 810 मध्ये दिवे पुढच्या मडगार्डांत लपत आणि ते उघडायला डॅशबोर्डच्या दोन टोकांना दोन हँडल होती. एक चालकाच्या हाताशी, दुसरं पार पलीकडे. एकट्याने जाणाऱ्याने संध्याकाळी गाडी थांबवावी, आडवं होऊन दुसरा डोळा उघडावा आणि मग निघावं, अशी योजना होती. स्टिंग रेमध्ये मोटर आली, तरी दिवे लावण्याचं बटण एक आणि बकेट फिरवण्याचं दुसरं. दिवे आत तोंड करून असतानाही लागू शकत, म्हणजे गाडीच्या नाकाच्या पोटात दिवाळी आणि रस्त्यावर अमावास्या. त्यासाठी डॅशबोर्डवर एक इशारा देणारा दिवा ठेवला: दिवे उघडले आहेत की नाहीत, हे सांगणारा दिवा. पण तो उघडले की नाही एवढंच सांगतो, ते कुठे पाहतायत याची चौकशी करत नाही. त्याच 1963 च्या कूपेची मागची काच सौंदर्यासाठी मधोमध पट्टी घालून दुभंगली होती. झोरा आर्कस-डंटॉव्ह हा इंजिनिअर मागचं दिसत नाही म्हणून करवादत राहिला आणि 1964 मध्ये ती पट्टी गेली. दिव्यांसाठी मात्र असा कोणी भांडला नाही.

आता आक्षेप. पहिला असा की अशी गाडी रात्री चालवतो कोण? ती सकाळी प्रदर्शनाला जाते आणि दुपारी परत येते. मान्य; मग मोटर, वायरी आणि बुश यांच्यावर खर्च कशाला? बकेट मिटवून कायमचं चिकटवून टाकावं. ते कोणी करत नाही, कारण प्रदर्शनात दिवे गर्रकन उलटताना दाखवायचे असतात. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या परीक्षणात चालू-बंद तपासण्याचा स्वतंत्र विभागच आहे. पण भर उन्हात, मैदानात, झोत नेमका कुठे पडतो हे परीक्षकाला दिसणार कसं? शिवाय या मंडळींचा निकष गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी असावी, हा. त्याहून चकचकीत केली तरी गुण जातात. म्हणजे सेंट लुईसच्या कारखान्यातल्या कामगाराने एखाद्या शुक्रवारी घाईत ठेवलेली वाकडी फट तुम्ही फारच सरळ केलीत, तर ती चूक ठरू शकते. मिटलेल्या बाजूचा हा अभ्यास इतका सूक्ष्म आहे की तिथे चुकांनासुद्धा अस्सलपणाची अट आहे.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे: जुने दिवे काढा, एलईडी बसवा, उजेडच इतका पडेल की एखादा अंश कोण विचारतो! समोरून येणारा विचारतो. मंद दिवा चुकीच्या दिशेला लावला तर तुमची गैरसोय होते, प्रखर लावला तर त्याची. तिसरा आक्षेप मला जरा आदरणीय वाटतो. तो म्हणतो, मोटर काढा आणि हाताने काम करा, म्हणजे यंत्राशी माणसाचा संबंध राहील. याचा दाखला म्हणजे 1968 ते 1973 दरम्यान निघालेली ओपेल जीटी. तिच्यात गिअरशेजारचा दांडा जोरात ढकलला की दिवे गाडीच्या लांबीच्या आसावर कुशीला वळतात. दोन्ही एकाच दिशेने! एक डावीकडे, एक उजवीकडे, असा आरशातला नमस्कार नाही. त्यामुळे एका बाजूचा धडा उलटा करून दुसऱ्या बाजूला गिरवण्याची सोय नाही. प्रत्येक डोळ्याशी वेगळी मैत्री करावी लागते. दांडा शेवटपर्यंत गेला की दिवे जागेवर बसल्याचं हाताला कळतं हे खरं, आणि कॉर्व्हेटच्या बटणाला ती अक्कल नाही. पण हाताला बसल्याचं कळतं, पाहिल्याचं कळत नाही. तेव्हा तिथेही गाडं भिंतीपाशीच येऊन अडतं.

ही भिंत म्हणजे अमेरिकन पद्धतीत दिव्यांपासून 25 फुटांवरची उभी, सपाट भिंत. जमीन सपाट, चाकांत हवा बरोबर, चालकाच्या जागी चालकाचं वजन. भिंतीवर दिव्यांच्या उंचीला चिकटपट्टी लावायची, डिपर लावायचा आणि प्रकाशाचा गाभा पट्टीच्या किती खाली उतरतो ते पाहायचं. या अंतरावर एक अंश म्हणजे सव्वापाच इंच, तेव्हा डोळ्यांना चुकवता येणार नाही. स्क्रूला हात लावण्यापूर्वी मात्र बकेट चार-सहा वेळा मिटून उघडावं. गाभा दर वेळी त्याच जागी आला तर स्क्रू फिरवण्यात अर्थ आहे. दर वेळी वेगळीकडे आला तर बुश किंवा अडण सैल आहे आणि आठही स्क्रू अजून निरपराध आहेत. गाडी साडेचौदा फुटांहून जराशी जास्त, त्यापुढे पंचवीस. चाळीस फुटांचं गॅरेज फारसं कोणाकडे नसतं, म्हणून ही भिंत बहुधा समोरच्या घराची निघते. त्या घराच्या भिंतीवर अंधारात चिकटपट्ट्या लावायची परवानगी मागावी लागते, आणि मग बाहेर येऊन, हाताची घडी घालून, उघडे दिवे कुठे पाहतायत हे निरखणारा पहिला प्रेक्षक अखेर मिळतो. त्याची खिडकी त्याच भिंतीत असते.