बिनतिकिटाचा प्रवासी

माझ्यासारख्या जाणकार वाचकाने (ही पदवी माझी मीच घेतली आहे) प्रेमकादंबरी वाचू नये आणि वाचलीच तर बोलू नये, असा रिवाज आहे. तरीही माझे ठाम मत आहे की हिंडायची हौस असून ज्याला घर सोडता येत नाही, त्याने प्रवासवर्णनाच्या नादी न लागता सरळ प्रेमकादंबरीकार ना. सी. फडके उघडावेत. प्रवासवर्णनकार स्वतः जाऊन आलेला असतो आणि ते तो पानोपानी सुनावतो. प्रेमकादंबरीत दोघे निघतात आणि वाचक तिसरा म्हणून फुकट घुसतो. शिवाय प्रेमात पडलेल्यांना दुसरा उद्योग नसल्याने देखावा काय तो तेच नीट बघतात. फडक्यांची ‘कुलाब्याची दांडी’ १९२५ची, ‘झेलम’ १९४८ची. नुसत्या नावांवर मुंबई-काश्मीर होते.

आणि तो नायक! टेनिस खेळतो, मोटार हाकतो, पण रजेचा अर्ज कधी लिहितो ते कळत नाही. त्याला घाटात उलटी होत नाही. खोली मिळते, तीही दरीच्या बाजूची. त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी फुटत नाही आणि निघताना “तिकडून येताना तेवढं आण हं” म्हणणारी आत्या त्याला नसते. नायिकेच्या सौंदर्याचा हेवा करणारे करोत. मी त्याच्या आत्या नसण्याचा करतो.

आमच्या गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत कादंबरीतून हिंडायची ही सोय चैनीची नाही, गरजेची आहे. मुलांना सुट्टी पडते ती ऐन काजूच्या हंगामात. खिळा लावलेल्या काठीने पडलेले बोंडू टोचून उचलायचे, बी पिळून वेगळी करायची, चिकट हात राखेने घासायचे. तोवर मृगाचे ढग येतात आणि मग गणेश चवथीची तयारी. या सगळ्यात राबणाऱ्या बाईने दुपारी घटकाभर कादंबरीत महाबळेश्वर गाठले, तर तिला पळपुटी म्हणणाऱ्यांचा मला खरेच राग येतो. दिल्लीहून हरमलच्या किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्याला असे कुणी म्हणत नाही. आता गंभीर कादंबरीचे म्हणाल, तर तेरेखोल नदीपलीकडे शिरोड्याला कादंबरीकार वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ मास्तर होते. जीवनासाठी कला हा त्यांचा आग्रह आदरणीयच. पण जीवन त्या बाईच्या अंगणातच सांडलेले असते, त्यासाठी वाचनालयाची वर्गणी कशाला?

कादंबरीतले गाव खोटे असते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पाहुण्यांचा गोवा तरी कुठे खरा असतो? शॅकवर बसून सूर्यास्त बघणाऱ्याला पेडण्याचा पुनवेचा उत्सव ठाऊक नसतो, डिचोलीच्या खाणी बंद पडल्यावर ट्रकांचे हप्ते कुणी फेडले हेही नसते. तोही प्रेमकथाच वाचत असतो. फक्त विमानाचे भाडे भरून. जानेवारी २०२३पासून ती विमाने आमच्या पेडण्यातल्या मोपा विमानतळावरही उतरतात. जमीन पेडण्याची गेली आणि जग पेडण्यात आले. पेडणेकराने जगात जायचे तर तिकीट मात्र पूर्ण दराचे. तोवर फडके आहेत. साहित्यिक मूल्य विचाराल तर मी नाक मुरडीनच, जाणकार आहे ना. पण खिडकीची जागा सोडणार नाही.